जलपर्णी काढली, पण दोन महिन्यांत परत आली! वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

ओढे, तळी, विहिरी आणि नदीकाठ यांवर श्रमदान करणाऱ्या मंडळींनी प्रश्न पाठवावेत, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी अशा सगळीकडून पत्रं आली. त्यातले नऊ प्रश्न इथे घेतले आहेत. सारखेच प्रश्न विचारणारी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : गावच्या तळ्यातली जलपर्णी मंडळाच्या तीस पोरांनी तीन रविवार खपून काढली. दोन महिन्यांत तळं पुन्हा हिरवंगार. आमचं काय चुकलं? (युवक मंडळ, बेळगाव तालुका)

आधी हिशेब मांडू. दाट जलपर्णीचं ओलं वजन चौरस मीटरला २० ते ४० किलो भरतं. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला दोन ते चार टन. सकाळच्या तीन तासांत एक माणूस ओढून काठाबाहेर नेईल असं वजन ३०० किलोच धरा. तीस जणांचे झाले नऊ टन, म्हणजे एका रविवारी जेमतेम तीन गुंठे. आता दुसरी बाजू बघा. ऊन आणि सांडपाणी भरपूर मिळालं की जलपर्णी साधारण पंधरवड्यात दुप्पट होते. पंधरवड्यात निम्म्याहून कमी काढलीत, तर महिनाअखेरीला ती आधीपेक्षा जास्तच दिसणार. तुम्ही कष्टात कमी पडला नाहीत, पसारा मोठा निवडलात.

म्हणून तळं एकदम हातात घेऊ नका, त्याचे भाग पाडा. १२ मिलिमीटरचा नायलॉन दोर घ्या, दर दोन मीटरला बूच घट्ट बसवलेला रिकामा २० लिटरचा कॅन बांधा, दोराखाली फूट-दीड फूट जुनी मासेमारीची जाळी सोडा आणि दोन्ही टोकं काठावर खुंटाला बांधा. या आडव्या दोराच्या एका बाजूचा भाग पूर्ण स्वच्छ करा, एकही रोप ठेवू नका, मग दोर पुढे सरकवा. वारा जलपर्णीला ज्या काठाला लोटून आणतो त्याच काठावर उभं राहून ओढा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे पूर्वेचा काठ. थंडीत उलटं. लांब वेळूला लोखंडी आकडा लावला की छातीभर पाण्यात उतरावं लागत नाही. उतरूही नका, त्या मुळांच्या जाळ्यात पाय अडकला की पट्टीचा पोहणाराही घाबरतो.

मार्च ते मे हा खरा हंगाम. पाणी आटतं आणि कडेची रोपं चिखलावर आपोआप उघडी पडतात. जांभळे तुरे यायच्या आत काढलीत तर निम्मं काम वाचलं, कारण फूल सुकलं की दांडा वाकून पाण्यात जातो, बोंड तिथेच फुटतं आणि बी गाळात बसतं. ते बी पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. म्हणून स्वच्छ केलेल्या भागात पुढची दोन वर्षं दर आठवड्याला एक फेरी ठेवा, दोन माणसं पुरतात. बियाची रोपं ओळखायला शिका. त्यांना तो फुगीर देठ नसतो, बोटभर लांबीची चपटी पट्टीसारखी पानं असतात आणि बघणाऱ्याला ते गवतच वाटतं.

बहुतेक मंडळं ढिगाच्या बाबतीत फसतात. काठावर टाकलेला ढीग वळवाच्या पहिल्या सरीत परत पाण्यात. पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं त्या खुणेच्या पंधरा फूट पलीकडे नेऊन फूटभर जाडीचा थर पसरा, मुळं वर करून. वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणीच असल्यामुळे तीन-चार कडक उन्हांत ढीग बसतो. मग शेणकाल्यासोबत खड्ड्यात कुजवा. मात्र जिथे गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी येतं तिथली जलपर्णी जड धातू शोषून घेते. ते खत पालेभाजीला नको, रस्त्याकडेच्या झाडांना घाला. आणि तणनाशक अजिबात नको. हजारो किलो पाला एकदम पाण्यात कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

एवढं करूनही सांडपाणी येतच राहिलं, तर हे काम दरवर्षीचं. बळ्ळारी नाल्याकडे पाहिलं की ते समजतं. शहराचं सांडपाणी, त्यावर पोसलेली जलपर्णी आणि तिनं अडवलेलं पाणी येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भाताच्या शिवारात शिरतं. जिथे गटार मिळतं ती जागा नकाशावर खुणावून, फोटोसह पंचायतीला किंवा महापालिकेला लेखी देणं हे जलपर्णी ओढण्याइतकंच श्रमदान आहे.

गमबूट आणि रबरी हातमोजे सगळ्यांना हवेत. हातापायाला जखम असलेल्यानं पाण्याचं काम करू नये. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कामानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर डॉक्टरांना "मी तळ्यात उतरलो होतो" हे आवर्जून सांगा. बंद गटारात किंवा मॅनहोलमध्ये तर कुणालाच उतरवू नका. आत साचलेला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. २०१३ च्या कायद्यानं असं काम करून घ्यायला मनाईही आहे.

प्रश्न : ओढ्याकाठी काम करायला परवानगी कुणाची? शेजारचा शेतकरी म्हणतो, ओढा माझ्या हद्दीत आहे. (खानापूर)

बऱ्याचदा त्याचं म्हणणं अर्धं खरं असतं. ओढा त्याच्या सर्व्हे नंबरातून जातो, पण ती पट्टी उताऱ्यावर "बी खराब" म्हणून दाखवलेली असते. कर्नाटकात "ए खराब" म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, तर "बी खराब" म्हणजे रस्ता, नाला, तळं अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. कर्नाटक भूमापन खात्याच्या दिशांक अ‍ॅपवर ओढ्यात उभं राहून सर्व्हे नंबर पाहा, मग त्या नंबराचा आरटीसी (जमिनीचा उतारा) काढा. वाद असेल तर तहसीलदाराकडे मोजणीचा अर्ज, दुसरा मार्ग नाही.

गावातलं लहान तळं ग्रामपंचायतीचं. ज्याच्याखाली ४० हेक्टरांपेक्षा जास्त भिजतं ते तळं लघुपाटबंधारे खात्याकडे. शहरात महापालिका. आणि खानापूर तालुक्यात असल्यामुळे हेही लक्षात ठेवा : राखीव जंगलात घाणेरी उपटायलासुद्धा आरएफओंची (वनक्षेत्र अधिकाऱ्यांची) लेखी परवानगी लागते, भीमगड अभयारण्यात तर आत पाऊल टाकायलाही. मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबीला, श्रमदानाची हौस घेऊन निघण्याआधी वन खात्यात जाऊन या.

अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, सोबत मराठी प्रत जोडा. त्यात सर्व्हे नंबर, तारखा, माणसांची संख्या आणि मशीन आणणार की नाही एवढं हवं. पीडीओंची (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांची) सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी "करा हो, कोण विचारतंय" हे वाक्य पुढच्या बदलीपर्यंतच चालतं.

शेतकऱ्याशी भांडू नका. त्याची खरी भीती पिकावर सावली पडण्याची असते. रब्बीत सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते. पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या ओढ्याच्या दक्षिण काठावर उंच झाडं लावलीत तर सावली पाण्यावर पडते, उत्तर काठावर लावलीत तर पलीकडच्याच्या हरभऱ्यावर. उत्तरेला वाळा आणि निर्गुडी ठेवा. हे कागदावर रेघ मारून दाखवलं की बरेच जण तयार होतात.

प्रश्न : शाळेतल्या मुलांनी जूनमध्ये वेदगंगेच्या काठी २०० रोपं लावली. पुरात पंधराही उरली नाहीत. (शिक्षिका, निपाणी भाग)

वेदगंगा-दूधगंगेला जुलै-ऑगस्टात पूर येतो. जूनमध्ये लावलेल्या रोपाचं मूळ तोवर पिशवीच्या मातीबाहेरही गेलेलं नसतं. उतारावरचं काम पूर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात करा. काठाच्या माथ्यावरचं जूनमध्ये चालेल. आणि कुठलं झाड कुठे, हे बदला.

पाण्यालगत वाळुंज. ते रोपानं नाही, फांदीनं लावायचं. अंगठ्याएवढी जाड, दोन ते तीन फूट लांब फांदी घ्या. खालचं टोक तिरकं कापा, वरचं सपाट, म्हणजे मुलं उलटी खोचणार नाहीत. (खोचतात, दरवर्षी.) पहारीनं आधी भोक पाडा. फांदीवर दगड ठोकून ती आत घालायला गेलात तर साल सोलते आणि मूळ फुटत नाही. दोन तृतीयांश फांदी मातीत गेली पाहिजे, मग भोवती टाचेनं दाबा. फांद्या तोडल्या दिवशीच लावा किंवा बुडखे पाण्यात बुडवून ठेवा. खानापूरकडच्या खडकाळ, खळाळत्या पात्रात शेरणी हे झुडूप पुराला दाद देत नाही, पण वेदगंगेच्या गाळात तिचं मन रमणार नाही.

मधल्या उतारावर वाळा. ठोंबाचे फुटवे सोडवा, मुळं बोटभर आणि पाती वीतभर ठेवून छाटा, चार ते सहा इंचांवर एक असे उताराला आडव्या ओळीत लावा. उभ्या उंचीत दर मीटरला एक ओळ. अंतर वाढवलंत तर दोन ठोंबांमधून पाणी वाट काढतं आणि तिथेच घळ पडते. ओळींमध्ये निर्गुडी आणि करंज.

माथ्यावर जांभूळ, अर्जुन, उंबर, दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात, तीन-तीन मीटरवर. पिशवी कापून पूर्ण काढायची, तळाशी गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करायची किंवा छाटायची. रोपाची मान जमिनीच्या पातळीतच ठेवा, खोल पुरली की बुंधा कुजतो. शेळ्यांसाठी बाभळीचे काटे. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प नको, रोपवाटिकेत फुकट मिळाली तरी.

नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूचा काठ उभा कापला जात असेल तर तिथे काहीच लावू नका, तो झाडासकट जाणार. आतल्या वळणावर आणि सरळ भागात लावा.

आणि संख्या कमी करा. माथ्यावरच्या साठ रोपांना उन्हाळ्यात आठवड्याला दहा लिटर म्हणजे फेरीला ६०० लिटर पाणी. शाळा मे महिन्यात बंद असते, तेव्हा हे पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा, मग खड्डे मोजा.

प्रश्न : काठावरची घाणेरी दरवर्षी कोयत्यानं साफ करतो, दरवर्षी जास्त फुटते. (हुक्केरी)

कोयत्यानं तुम्ही तिची छाटणी करता. घाणेरी बुंध्याच्या जमिनीलगतच्या गाठीतून फुटते. कुदळीनं माती बाजूला करून मूळ गाठीच्या खाली, जमिनीत दोन-तीन इंचांवर तोडा आणि झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवा. ओल्या मातीला फांदी टेकली की तिलाही मुळं फुटतात. पावसाच्या तोंडावर हे काम सोपं जातं, पण उतारावर सगळा पट्टा एकदम उघडा करू नका. दहा फूट काढा, दहा फूट सोडा. मोकळ्या जागी लगेच गवताचं बी टाका, उरलेली घाणेरी पुढच्या वर्षी. पक्षी ज्या झाडावर बसतात त्याच्याखाली तिची रोपं पुन्हा येतात, ती हातानं उपटण्याजोगी असतानाच, पावसाळ्यात दोनदा, तीन वर्षं काढायची.

प्रश्न : सीडबॉल (आत बी घातलेले मातीचे गोळे) टाकण्याचा कार्यक्रम घ्यावा का? (बेळगाव)

फोटो छान येतात. बहुतेक गोळे उन्हात दगडासारखे वाळतात किंवा उंदीर-मुंग्या बी नेतात. जांभळाचं बी तर वाळलं की मरतं, ते फळ खाल्ल्यापासून दहा-पंधरा दिवसांत मातीत जायला हवं. त्याच दिवशी मुलांकडून पिशव्या भरून घ्या, वर्षानं लावण्याजोगी रोपं हातात येतील.

प्रश्न : गावाशेजारचा डोंगर उघडा-बोडका आहे. तिथे हजार झाडं लावायची आहेत. (बेळगाव तालुका)

तो बोडका आहे की गवताळ? जुलैत जाऊन पाहा. जांभा दगडावर चार बोटं माती, त्यावर कुसळी आणि श्रावणात इवली फुलं असतील तर ते कुरणच आहे. जांबोटी-चोर्ल्याकडचे सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारं, हे त्याचं मोठं रूप. चंडोलासारखे पक्षी तिथे जमिनीवर घरटी करतात, गावची गुरं तिथेच चरतात. जेसीबीनं खड्डे मारलेत की ती चार बोटं मातीही वाहून खालच्या ओढ्यात येते. झाडं लावायला डोंगराच्या पायथ्याच्या घळी आहेत. माथ्यावर फक्त वणवा थांबवा आणि आळीपाळीनं एकेका भागाला चराईबंदी ठेवा.

प्रश्न : गावतळ्यातला गाळ काढायचा आहे. किती खोल काढावा? गाळ शेतात किती टाकावा? (चिकोडी)

दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या. वरचा काळपट, मऊ, वास येणारा थर म्हणजे गाळ. त्याखाली घट्ट, चिवट चिकणमाती लागते. ओली माती अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढून पाहा. दोन इंचांची पट्टी न तुटता लोंबली तर ती तळ्याची मूळ गादी. तिथे थांबायचं, बकेट तिच्यात घालायची नाही. "अजून दोन फूट खोल करू, पाणी जास्त मावेल" म्हणून मशीनवाला गादी फोडतो, खाली मुरूम उघडा पडतो आणि पूर्वी मार्चपर्यंत टिकणारं पाणी डिसेंबरात जिरतं. दोष पावसाला दिला जातो.

बांधाच्या पायथ्यापासून निदान पाच मीटर अंतर सोडा, तिथे खणलं की बांध खचतो. सगळीकडे उभ्या कडा करू नका. एका बाजूला तीनास एक किंवा त्याहून सौम्य उतार ठेवा, म्हणजे गुरं पाण्याला येतील आणि पडलेलं मूल बाहेर येऊ शकेल. तिथला लव्हाळा आणि पाणकणसाचा पट्टाही राहू द्या, वरून येणारा नवा गाळ तोच अडवतो. सांडवा मोकळा आहे का, हे मात्र सगळ्यात आधी.

शेतासाठी हिशेब सोपा आहे. एका एकरावर एक इंच थर द्यायला सुमारे ३६ ब्रास गाळ लागतो. हलक्या, मुरमाड रानाला एक ते दोन इंच पुष्कळ झाला. काळ्या रानात टाकू नका, तिथे आधीच निचरा कमी. गावाचं गटार तळ्यात येत असेल तर गाळाची तपासणी करून घ्या. आणि कोण किती ट्रॉल्या नेणार याची यादी पंचायतीच्या शिक्क्यानं करा, नाहीतर गाळाच्या नावाखाली मुरूम जातो.

प्रश्न : गल्लीतली जुनी दगडी विहीर साफ करून वापरात आणायची आहे. (बेळगाव शहर)

चांगली कल्पना. १९९५ च्या टंचाईत शहरातल्या जुन्या विहिरी पुन्हा उघडल्या गेल्या होत्या, आणि १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते.

काम एप्रिल-मेमध्ये घ्या. भोवतालची जमीन पाण्यानं फुगलेली असताना विहीर एकदम उपसली की बाहेरचा दाब दगडी बांधकाम आत ढकलतो. उन्हाळ्यातही दिवसाला मीटर-दीड मीटरच उतरवा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, त्याचा धूर तळाशी साचून माणसं दगावतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत अर्धवट आहे. कंदील विझला तर धोका नक्की, पण जळत राहिला म्हणून आत सुरक्षित आहे असं नाही. उतरणारा माणूस सरावाचा हवा, कमरेला दोर आणि वर तीन माणसं. आतल्याला भोवळ आली तर वाचवायला दुसऱ्यानं उडी मारायची नाही, दोर ओढायचा. दगडांतली पिंपळाची मुळं उपटू नका, सोबत चिराही येतो. कापा, सांध्यांत चुना भरा.

नंतर ब्लीचिंग पावडर. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला ३.१४ नं गुणून ४ नं भागा, हे घनमीटर झाले. एका घनमीटरला म्हणजे हजार लिटरला ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर अडीच ग्रॅम. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी असेल तर सुमारे ६३ घनमीटर, म्हणजे १५७ ग्रॅम. पावडर थेट ओतायची नाही. बादलीत कालवा, दहा मिनिटांत चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरानं खोल सोडून वर-खाली हलवा. तासाभरानं तपासलेल्या पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. नसेल तर मात्रा वाढवा. पिण्यासाठी वापरण्याआधी जिल्हा प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्याच.

प्रश्न : वनराई बंधाऱ्याला (ओढ्यावरच्या माती भरलेल्या पोत्यांच्या तात्पुरत्या बांधाला) किती पोती लागतात? आमचा गेल्या वर्षी आठ दिवसांत कडेनं फुटला. (खानापूर)

कडेनं फुटला म्हणजे पोती काठात शिरवली नव्हती. दोन्ही काठांत दीड-दोन फूट खाच घ्या आणि पोत्यांच्या रांगा त्या खाचेत न्या. मधला भाग कडांपेक्षा एक थर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी मधून सांडेल. ते जिथे पडतं तिथे दगड पसरा. तळ खडक किंवा घट्ट मुरूम असेल अशीच जागा निवडा, वाळूवर बांधलेला खालून गळतो.

सहा मीटर लांब, मीटरभर उंच, तळाशी दोन मीटर आणि माथ्यावर साठ सेंटिमीटर रुंद बंधारा म्हणजे सुमारे पावणेआठ घनमीटर. सगळी पोतीच वापरली तर सव्वादोनशे. पुढे-मागे पोत्यांच्या भिंती आणि मध्ये तुडवलेली माती भरली तर निम्म्यात भागतं. सिमेंटची रिकामी पोती पाऊण भरा आणि सुतळीनं शिवा. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, बसत नाही. विटांसारखे सांधे मोडत रचा, पाण्याकडच्या बाजूला काळी माती लिंपा. भरायची माती काठातून खणू नका.

परतीचा पाऊस संपून पाणी घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली आलं की बांधायला घ्या, साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात परत जाऊन पोती कापून माती तिथेच पसरा, प्लास्टिक मोजून पंचायतीच्या कचरागाडीत द्या. दीडशे पोती लावली असतील तर दीडशे परत यायला हवीत.